ट्रेल्सचा क्रम समजावून सांगणाऱ्या ताईस

प्रिय ताई,

'ट्रेल्स टू अझ्युर' हा गेम नुकताच संपवला. 'कोल्ड स्टील' सुरू करण्याआधी तुला हे पत्र लिहायलाच हवं होतं. ट्रेल्स ही जपानी व्हिडिओ गेम्सची लांबलचक मालिका कुठून सुरू करू, असं विचारलं तेव्हा तू नावांची यादी पाठवून मोकळी झाली नाहीस. कुठला गेम कुठे आणि का, हे नीट समजावून सांगितलंस, आणि तेही गोष्टीतलं काहीही न फोडता. तुझे मनापासून आभार. उघडपणे लिहितोय, कारण याच प्रश्नावर अडलेले पुष्कळ जण मला रोज भेटतात.

अडायला होतं त्याला कारणही तसंच आहे. निहोन फाल्कॉमने 'ट्रेल्स इन द स्काय' जपानमध्ये २००४ साली काढला, त्याचे पुढचे दोन भाग २००६ आणि २००७ मध्ये आले. मग क्रॉसबेल या शहरात घडणारी जोडी, २०१० चा 'झीरो' आणि २०११ चा 'अझ्युर'. शेजारच्या साम्राज्यात घडणारा 'कोल्ड स्टील' त्यानंतरचा, २०१३ चा. इंग्रजीत मात्र 'कोल्ड स्टील' २०१५ मध्येच आला, आणि 'झीरो' अधिकृतपणे यायला २०२२ उजाडलं. त्यामुळे इंग्रजीतून खेळणारे कितीतरी जण क्रॉसबेल न बघताच पुढे गेले, त्यांचा इलाजच नव्हता. त्यातून सेल लागला की 'कोल्ड स्टील'ची थ्रीडी चित्रं आधी डोळ्यांत भरतात. माझ्या कार्टमध्येही तोच होता. तू म्हणालीस, "तो राहू दे तिथेच. आधी लिबर्ल, म्हणजे 'स्काय'चे तिन्ही. तुझ्या जुन्या लॅपटॉपवरही आरामात चालेल."

आणि दुसरं म्हणालीस, "घाई करू नकोस. काहीही घडलं की गावात एक फेरी मार." या एका वाक्यासाठी तुझे वेगळे आभार मानायला हवेत. रोलेंटसारखं छोटं गाव, गोष्टीचे नायक एस्टेल आणि जोशुआ नुकतेच ब्रेसर, म्हणजे लोकांच्या मदतीची आणि संरक्षणाची कामं घेणारे, झालेले, आणि ल्यूक-पॅट ही दोन पोरं कुणाला न सांगता एस्मेलास टॉवरवर निघून गेलेली. ती सापडल्यावर मी सगळ्यांशी पुन्हा बोललो. जवळजवळ प्रत्येकाकडे सांगायला काहीतरी नवीन होतं! दुकानदार, म्हातारी माणसं, ज्यांचा कथेशी फारसा संबंध नाही अशीही माणसं आपापल्या आयुष्यात पुढे सरकत असतात. प्रेमात वारंवार आपटणारा अँटन लिबर्लमध्ये भेटतो आणि पुढे थेट क्रॉसबेलमध्ये समोर येतो, तेव्हा जुना ओळखीचा माणूस परगावी भेटल्यासारखं वाटतं. मधूनच मालिकेत शिरणाऱ्याला तो रस्त्यावरचा कुणीतरी वाटणार.

'स्काय'च्या तिसऱ्या भागासाठी तर तू हट्टच धरला होतास. बाकी सगळे सांगत होते की तो सोडला तरी चालतो, त्यात नवा देश नाही, नुसतं एका विचित्र जगात खोल खोल जात राहायचं. तू म्हणालीस, "त्यातली दारं उघड, मग बोलू." केव्हिन पाद्रीची गोष्ट सुरू असताना मध्येमध्ये आठवणींची दारं लागतात आणि प्रत्येक दारामागे कुणाचातरी भूतकाळ असतो. रेन या मुलीच्या दारानंतर मी गेम बंद करून बराच वेळ बसून राहिलो. पुढे 'झीरो'मध्ये एस्टेल आणि जोशुआ तिला शोधत क्रॉसबेलला येतात. तिथे एक माणूस आपल्या घरची हकीकत सांगत असतो. त्याला ठाऊक नसलेली बाजू मला ठाऊक होती. त्याचं एकेक वाक्य ऐकवत नव्हतं. तिसरा भाग वगळला असता तर हाच प्रसंग मी बटण दाबत पुढे नेला असता. या मालिकेतला माझ्या मते सर्वांत मोठा क्षण मला पुरा मिळाला, तो तुझ्यामुळे.

'झीरो' आणि 'अझ्युर'चं इंग्रजी जिओफ्रंट नावाच्या चाहत्यांच्या गटाने आधी केलं आणि अधिकृत आवृत्ती त्याच कामावर उभी राहिली, हेही तुझ्याकडूनच कळलं. त्यांचेही आभार मानतो. इतकं जिवंत बोलणं लिहायला त्या गेमवर जीव असावा लागतो.

कुणी आज सुरुवात करत असेल तर पहिल्या भागाचा २०२५ चा रीमेकही आहे. जुनी चित्रं नको वाटत असतील त्यांनी खुशाल तो घ्यावा. पण पुढचा क्रम ताईचाच ठेवा: लिबर्लचे तिन्ही, मग क्रॉसबेलचे दोन्ही, मग 'कोल्ड स्टील'चे चार, ते संपल्यावरच 'रेव्हरी', आणि कॅल्व्हर्ड या देशात घडणारा 'डेब्रेक' त्यानंतर.

'कोल्ड स्टील'चे पहिले दोन भाग साधारण क्रॉसबेलच्या घडामोडींच्या वेळचेच आहेत, असं तू सांगितलंयस. म्हणून आता सीमेपलीकडे लोक काय बोलत होते, ते ऐकायची फार उत्सुकता आहे. दुसरा भाग संपला की फोन करतो. रविवारी दुपारी मोकळी असतेस ना?

तुझ्या भावाचा रूममेट