झॅपा ऐकायला शिकवणाऱ्या काकांना जाहीर पत्र

काका, सादर नमस्कार.

अमेरिकी संगीतकार आणि गिटारवादक फ्रँक झॅपाची ध्वनिमुद्रणं आणि त्याच्यावरची पुस्तकं यांची तुम्ही हाताने लिहून दिलेली यादी समोर ठेवूनच हे लिहीत आहे. आभार तुम्हाला एकट्याला कळवता आले असते. पण यादी द्यावी तर कशी द्यावी, हे इतरांनाही दिसावं म्हणून हे जाहीर पत्र.

१९४० ते १९९३ एवढंच आयुष्य लाभलेल्या या माणसाचे हयातीतच साठाहून जास्त अल्बम निघाले. त्यात रॉक आहे, जॅझ आहे, ऑर्केस्ट्रा आहे, संगणकावर रचलेलं संगीत आहे आणि निव्वळ टवाळीही आहे. अशा ढिगाऱ्यासमोर नवखा माणूस ‘सुरुवात कुठून करू?’ एवढंच विचारतो. त्यावर जाणकार म्हणवणाऱ्यांची ठरलेली उत्तरं असतात: ‘पहिल्यापासून ऐका’, ‘सगळंच ऐकायला हवं’, आणि सर्वांत वाईट म्हणजे ‘ते प्रत्येकासाठी नसतं’. विक्रेते तर वेगवेगळ्या मिक्सच्या, म्हणजे मुद्रित वाद्यं आणि आवाज वेगवेगळ्या तऱ्हेने मिसळलेल्या, सीडी ‘सगळ्या सारख्याच’ म्हणून गळ्यात मारतात. विचारणाऱ्याला गप्प बसवणारी ही उत्तरं ऐकून कितीजण या संगीताच्या दारातूनच परत गेले असतील, याचा राग अजून गेलेला नाही.

तुम्ही सुरुवात ‘हॉट रॅट्स’पासून करायला सांगितली. १९६९चा अल्बम, सहा रचना, त्यातल्या पाच निव्वळ वाद्यांच्या. शब्दांचा अडथळा नाही. त्यातली पहिली ‘पीचेस एन रेगालिया’ पावणेचार मिनिटांच्या आतच संपते. ती सलग ऐकायची, मग एकदा फक्त कीबोर्ड आणि सॅक्सोफोन वाजवणाऱ्या इयन अंडरवुडच्या वाद्यांकडे लक्ष द्यायचं, मग फक्त ड्रमकडे, हा क्रमसुद्धा तुम्ही लिहिलात. आणि लगेच खाली इशारा: १९८७ची सीडी वेगळ्या मिक्सची आहे, तिच्यातलं ‘द गम्बो व्हेरिएशन्स’ मूळ एलपीपेक्षा सुमारे चार मिनिटांनी लांब आहे. मूळ मिक्स हवं असेल तर २०१२ची आवृत्ती घ्या. लांब आवृत्तीही ऐकण्यासारखी आहे, पण ती दुसऱ्यांदा.

आवृत्त्यांची ही काळजी तुमच्या यादीत पानोपानी आहे. ‘वुई आर ओन्ली इन इट फॉर द मनी’ या १९६८च्या अल्बममधले बास आणि ड्रम झॅपाने ऐंशीच्या दशकातल्या सीडीसाठी काढून नव्याने वाजवून घेतले. मूळ टेप खराब झाल्याचं कारण त्याने दिलं होतं. परिणाम असा की गाणी साठच्या दशकातली आणि ताल वीस वर्षांनंतरचा. ‘ड्रम टणटणीत आणि बास फार स्वच्छ वाटला तर ती सीडी बाजूला ठेवा, १९९५ची किंवा नंतरची शोधा,’ हे तुमचं वाक्य दुकानात उभं राहून वापरता येतं. ‘क्रूझिंग विथ रूबेन अँड द जेट्स’चंही तेच झालं, आणि त्याचं मूळ मिक्स २०१०मध्ये ‘ग्रीझी लव्ह साँग्ज’ या नावाने आलं. नाव बदललं असल्याने ते सहज सापडत नाही. ‘अंकल मीट’च्या सीडीत मागाहून चित्रपटातले संवाद घातले, ते नव्याने ऐकणाऱ्याने खुशाल गाळावेत. हे सगळं तुम्ही न विचारता सांगितलंत.

पुढचा टप्पा ‘वन साइझ फिट्स ऑल’, १९७५. त्यातल्या ‘इन्का रोड्स’चा पाया लॉस एंजेलिसमध्ये मुद्रित झालेला आहे आणि गिटारचा सोलो, म्हणजे एकट्या गिटारचा तुकडा, हेलसिंकीच्या मैफिलीतून आणून जोडलेला. सांधा शोधत बसू नका, पण दोन्हीकडची हवा वेगळी आहे एवढं ऐका, असं तुम्ही म्हटलंत. १९८८ साली निघालेलं हेलसिंकीचं दुहेरी ध्वनिमुद्रण त्याच्या शेजारी ठेवलं की झॅपा कात्री कशी चालवतो ते कानाला कळतं.

पण सगळ्यात मोठं ऋण ‘द ब्लॅक पेज’च्या पानाचं आहे. झॅपाचा ड्रमवादक टेरी बोझिओ याच्यासाठी लिहिलेली ही ड्रमची रचना, स्वरचिन्हांच्या गर्दीने कागद काळा दिसतो म्हणून हे नाव. ‘झॅपा इन न्यूयॉर्क’ या अल्बमवर ती दोन रूपांत आहे. बहुतेक लोक पहिलं रूप आधी लावतात आणि तिथेच हरवतात, कारण खाली धरायला ठळक ठोका मिळत नाही. तुम्ही दुसरं रूप आधी लावायला सांगितलंत, त्यात खाली सरळ ठोका चालू असतो. रचना चार मात्रांचीच आहे. त्या चार मात्रांच्या जागेत तीन समान भाग पाडायचे आणि त्या भागांच्या पोटात पुन्हा पाच किंवा सहा आघात बसवायचे, अशी ती लयकारी. आणि तुम्ही समासात पेन्सिलीने चार मात्रा आखल्यात, पहिलीवर तबल्याच्या वहीत असते तशी समेची फुली मारलीत आणि लिहिलंत, ‘मधलं मोजू नका, फक्त फुलीवर टाळी द्या.’

ही फुली मारायला कितीसा वेळ लागला असेल? पण समोरच्याला तबला कळतो, तर त्याच्याच ओळखीच्या खुणेने सांगावं, हे सुचायला समोरच्याबद्दल आस्था लागते. टाळी फुलीवर पडू लागली की मधला गोंधळ गोंधळ राहत नाही, प्रत्येक तुकडा कुठे परत येणार ते जाणवतं. मग पहिलं रूप लावायचं, ठळक ठोका नसतो, पण टाळी टिकते. विद्वत्ता पुष्कळांकडे असते. ती दुसऱ्याच्या हाताला येईल अशी खाली ठेवणारी माणसं थोडी, आणि संगीत पुढे जातं ते अशाच माणसांच्या जोरावर.

पुस्तकांतही तोच विचार. झॅपाने पीटर ऑक्कियोग्रोसोबरोबर लिहिलेलं १९८९चं आत्मकथन आधी, त्यातही संगीतावरची प्रकरणं आधी. पॉलिन बुचर त्याची सचिव होती, १९६८मध्ये झॅपाच्या लॉस एंजेलिसच्या लॉरेल कॅन्यन भागातल्या घरात काय चालायचं ते कळण्यासाठी तिचं पुस्तक. बॅरी माइल्सचं चरित्र नंतर, कारण ते माणसाच्या कोरडेपणाबद्दल स्पष्ट बोलतं. बेन वॉटसनचा जाडजूड ग्रंथ सगळ्यात शेवटी, गाणी पाठ झाल्यावर. आणि झॅपाच्या मुळाशी जायचं तर त्याचा आवडता संगीतकार एडगार व्हारेझ याची ‘आयोनिझासियों’: तालवाद्यांचे तेरा वादक, सहा मिनिटांच्या आसपास. ती १९३३मध्ये प्रथम सादर करणारे संगीतसंचालक निकोलस स्लोनिम्स्की १९८१ साली, वयाच्या ऐंशीच्या पुढे, झॅपाच्याच मंचावर वाजवायला बसले होते. ही कडी तुम्ही एका ओळीत जोडून दिलीत. झॅपाने १९७९मध्ये एल. शंकर यांच्या व्हायोलिनचा ‘टच मी देअर’ हा अल्बम केला, तोही तुम्ही विसरला नाहीत.

एक गोष्ट तुम्ही झाकली नाहीत, तीही सांगायला हवी. ‘शेक येरबूटी’ आणि ‘जोज गराज’ या अल्बममधले शब्द अश्लील आहेत, काही ठिकाणी बायकांची आणि इतरांची हेटाळणी करणारे आहेत, आणि ते आवडलंच पाहिजे असं नाही, हे तुम्ही अगोदरच लिहिलंत. भक्त असूनही हे लिहिणं सोपं नसतं. ‘जोज गराज’चा ‘वॉटरमेलन इन ईस्टर हे’ तेवढा नक्की ऐका, अल्बममधले बाकीचे बहुतेक सोलो मैफिलींतून उचललेले आहेत आणि हा स्टुडिओत वाजवलेला, एवढी टीप मात्र जोडलीत.

यादी ‘द यलो शार्क’वर थांबते: १९९२च्या मैफिली, ‘आन्सांबल मोडेर्न’ हा जर्मन वादकसंच. त्यापुढे ‘सिव्हिलायझेशन फेज थ्री’ हा अल्बम आहे आणि त्याच्याकडे कसं जायचं ते तुमच्याच अक्षरात वाचायचं आहे. सवड होईल तेव्हा एक पान लिहा काका, आणि समासात जागा सोडा.

आपला कृतज्ञ,
एक श्रोता