हॅम रेडिओने भूकंपाची वाट बघत बसायचं का?

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत जुन्या छंदांवर लेख आला होता, त्यात काड्यापेट्यांची लेबलं, पोस्टाची तिकिटं आणि हॅम रेडिओ एकाच पंगतीला बसवले होते. हॅम रेडिओ म्हंजे सरकारचं लायसन्स घेऊन स्वतःच्या रेडिओ सेटवरून दूरदूरच्या माणसांशी बोलायचा छंद, आणि तो करणारा तो हॅम. आमच्या वाट्याला शेवटी एक वाक्य आलं, की मोबाइल-इंटरनेटमुळे हा छंद आता संपत आलाय पण भूकंप-पुरात अजूनही उपयोगी पडतो. लेख छान होता, तक्रार नाही, पण हे वाक्य इतक्या वेळा वाचलंय की आता लिहायलाच बसलो. मी डोंबिवलीत राहतो, बँकेत नोकरी, आणि लायसन्सवाला हॅम आहे. रिस्ट्रिक्टेड ग्रेड, म्हंजे कॉल साइन (हवेतली आमची सरकारी ओळख) व्हीयू३ ने सुरू होतं, मोर्सची, म्हंजे तारेच्या कडकट्टची, परीक्षा दिली की जनरल ग्रेड मिळते, त्यांचं व्हीयू२. राजीव गांधींचं व्हीयू२आरजी होतं हे बऱ्याच जणांना माहीत नसतं.

आता मुद्दा असा की "आपत्तीत उपयोगी पडतो" हे आमचं कौतुक म्हणून लिहितात, पण त्यात न लिहिलेलं असं असतं की एरवी हे लोक रिकामटेकडे. बरं, आम्ही पण लबाड, कुणी विचारलं की हा एवढा खटाटोप कशाला तर लगेच भूजचं नाव पुढे करतो. २००१ च्या भूकंपात फोन बंद पडले होते आणि हॅम मंडळी सेट-बॅटऱ्या घेऊन तिथे पोचली होती हे खरंच आहे, अभिमान आहेच. पण त्यातला एकही माणूस भूकंपात कामाला येईल म्हणून हॅम झाला नव्हता हो. रोज सकाळी ७ मेगाहर्ट्झवर येऊन तुझी अँटेना कशी आहे, तुझ्याकडे पाऊस पडला का, माझा सिग्नल कसा येतोय असल्या बिनकामाच्या गप्पा मारणारी माणसं ती, आणि त्या गप्पांमुळेच कुठल्या वेळी कुठला बँड (म्हंजे फ्रिक्वेन्सीचा पट्टा) कुठवर पोचतो, तार किती उंच बांधली की काय होतं हे त्यांच्या हातात बसलेलं होतं. आपल्याकडे सह्याद्रीत कुणी दरीत पडलं की ट्रेकर पोरं दोर घेऊन उतरतात, पण म्हणून ट्रेकिंगला जाणाऱ्याला कुणी "रेस्क्यूसाठी जातोस का" असं विचारत नाही, मग आम्हालाच का?

सगळ्यात चांगलं उदाहरण अंदमानचं. डिसेंबर २००४ मधे भारती प्रसाद या हॅम आणि त्यांचे सहकारी पोर्ट ब्लेअरला गेले होते ते निव्वळ हौस म्हणून. अंदमानातून हॅम रेडिओला कित्येक वर्षं परवानगीच नव्हती, त्यामुळे जगभरातले हॅम तिथल्या स्टेशनशी एकदा तरी बोलायला मिळावं म्हणून तरसलेले असायचे. त्या व्हीयू४आरबीआय या कॉल साइनने बोलत होत्या, लोक अक्षरशः तुटून पडले होते, आणि २६ डिसेंबरला सकाळी त्सुनामी आली. बेटांवरचे फोन गेले, आणि जो सेट आदल्या दिवशीपर्यंत छंदासाठी चालू होता तोच निरोप पोचवायला लागला. कुठल्या आपत्ती-योजनेत त्यांचं नाव नव्हतं, हौस नसती तर तो सेट तिथे असताच कशाला?

दुसरी गोष्ट, मोबाइलने आम्हाला मारलं ही. अहो उलट झालंय. कॉम्प्युटर आल्यापासून या छंदात जेवढं नवीन आलंय तेवढं मधल्या काळात आलं नसेल. २०१७ मधे एफटी८ नावाची, कॉम्प्युटर सेटला जोडून छोटे मेसेज पाठवायची एक पद्धत आली, ती जो टेलर आणि स्टीव्ह फ्रँके या दोन हॅमनी बनवली. हे जो टेलर म्हंजे १९९३ चं फिजिक्सचं नोबेल मिळालेले, पल्सारवाले, म्हंजे ठेक्यात रेडिओ सिग्नल सोडणाऱ्या ताऱ्यांवर काम केलेले. आपल्या नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या डिशा पल्सारचे जे मिणमिणते सिग्नल पकडतात त्याच जातीचं काम, खरखरीत बुडालेला सिग्नल गणिताने वर काढायचा. पंधरा-पंधरा सेकंदाच्या पाळ्या असतात, तुमच्या पाळीत कॉल साइन आणि नकाशावरचा तुमच्या गावाचा चौकोन असा इवलासा मेसेज जायचा, मग पंधरा सेकंद गप्प बसून ऐकायचं. एक सिग्नल फक्त ५० हर्ट्झ जागा घेतो, म्हंजे जिथे एक माणूस तोंडाने बोलतो तेवढ्या पट्टीत पाच-पन्नास जण आरामात मावतात. कॉम्प्युटरचं घड्याळ मात्र सेकंदभराच्या आत बरोबर पाहिजे, नाहीतर काहीच उमटत नाही. स्क्रीनवर निळ्या पडद्यावर पिवळ्या रेघा खाली सरकत असतात, कानाला नुसतं गुणगुणल्यासारखं ऐकू येतं, आणि एकदम इंडोनेशिया, इटली, जपान अशा ओळी उमटायला लागतात. सेट ट्यूबलाइटला लागते त्याहून कमी पॉवरवर, आणि गच्चीवर तार.

आमच्यातले जुने लोक यावर चिडतात, कॉम्प्युटरच कॉम्प्युटरशी बोलतो मग तू काय केलंस म्हणतात. त्यांचं थोडं पटतं मला, एफटी८ वर कुणी मुलाबाळांची चौकशी करत नाही, नाव सुद्धा विचारत नाही. पण फ्लॅटमधे राहणाऱ्याचं काय? संध्याकाळी सात वाजले की बिल्डिंगमधले एलईडी दिवे, इन्व्हर्टर, चार्जर सगळे चालू होतात आणि कुणी बोलत नसतानाच सेटची सिग्नल दाखवणारी सुई वर जाऊन बसते, नुसतं खर्रर्र. त्यातून माणसाचा आवाज काढणं मुश्किल. मागे हातात छोटा ट्रान्झिस्टर घेऊन, रिकाम्या स्टेशनवर लावून, जिने चढत-उतरत खरखर कुठे वाढते ते शोधलं होतं, तर निघाला तिसऱ्या मजल्यावरच्या जिन्यातला एक स्वस्तातला दिवा. तो बदलून दिला स्वखर्चाने, लगेच फरक पडला. शेजाऱ्यांना वाटलं याचं काहीतरी बिनसलंय.

सोसायटीचं तर विचारूच नका. ४० मीटर बँडसाठी (तोच सकाळचा ७ मेगाहर्ट्झवाला) वीसेक मीटर तांब्याची तार लागते, मधे सेटकडे जाणारी कोअॅक्स केबल जोडायची, दोन टोकं दोन बाजूंना ताणायची, झालं. खालून नीट दिसत पण नाही. तरी मीटिंगमधे विषय निघाला की टॉवर लावलाय, रेडिएशन येणार, आणि हेच सगळे खिशात मोबाइल घेऊन बसलेले. सेट मी बोलतो तेव्हाच बाहेर काही पाठवतो, एरवी नुसता ऐकतो, हे सांगून सांगून थकलो. शेवटी तार राहिली, कारण कपडे वाळत घालायच्या दोऱ्यांपेक्षा ती वर आहे आणि कुणाच्या मधे येत नाही.

आणि हे सगळं विकत आणूनच करावं लागतं असंही नाही. हैदराबादच्या अशर फरहान यांनी बिटएक्स नावाचा सेट डिझाइन केला, साध्या मिळतील त्या पार्टमधून बनणारा, त्यातली एक कॉइल चक्क नळाच्या नायलॉन वॉशरवर गुंडाळायची. तो जगभरातल्या लोकांनी घरी सोल्डर करून बनवलाय. पुढच्या मायक्रोबिटएक्समधे तर आर्डुइनो हा प्रोग्राम करता येणारा छोटा बोर्ड आहे, म्हंजे कोडिंग करणाऱ्या पोरांनाही हात घालायला जागा झाली. मोबाइल तुम्ही उघडून बघू शकता का, त्याची फ्रिक्वेन्सी बदलू शकता का? नाही, कायद्याने पण नाही. सामान्य माणसाला स्वतः ट्रान्समीटर बनवून हवेत सिग्नल सोडायची मुभा सरकार देतं ती या छंदात, इंजिनिअरिंग कॉलेजांना एवढं जरी कळलं तरी पुष्कळ.

जुलै २०२५ मधे शुभांशु शुक्ला स्पेस स्टेशनवरून बंगळुरूशी बोलले ते हॅम रेडिओवरच. बातमी सगळीकडे आली, पण स्पेस स्टेशन आपल्या डोक्यावरून जातं तेव्हा १४५.८०० मेगाहर्ट्झवर तिथले अंतराळवीर बोलत असतील तर साध्या हँडीवर, म्हंजे हातात धरायच्या छोट्या सेटवर सुद्धा ऐकू येतं हे कुणी लिहिलं नाही. जेमतेम दहा मिनिटं मिळतात, ते क्षितिजावर आलं की सिग्नल वर उठतो आणि मावळलं की खलास, पण घरातलं कुणी शेजारी उभं करून ऐकवा एकदा.

हँडीवरून आठवलं. स्वस्तातले वॉकी-टॉकी ऑनलाइन मागवून लग्नात, ट्रेकला वापरणारे खूप झालेत, त्यांना वाटतं हेच हॅम. तसं नाहीये. विनालायसन्स चालतात ते ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झमधले, आणि ते पण अगदी कमी पॉवरचे. बाकीच्यांना लायसन्स लागतं. मे २०२५ मधे ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑनलाइन विक्रीबद्दल नियमावली काढली ती याचसाठी, बरं झालं. फक्त त्या बातम्यांमुळे आमच्याकडे पण संशयाने बघतात, परवा लोकलमधे एकाने हँडी बघून सरळ विचारलं, पोलिसात आहात का.

खरी अडचण कुठे आहे सांगू का, लायसन्समधे. परीक्षा अवघड नाही, थोडं इलेक्ट्रॉनिक्स आणि नियम, बारा वर्षांचं पोर देऊ शकतं, अर्ज सरकारच्या सरल संचार पोर्टलवर होतो. पैसे पण फार नाहीत, माझ्या वेळी वीस वर्षांचे हजार रुपये होते. पण परीक्षा कधी लागेल हे कळत नाही आणि नंतर कागद या टेबलावरून त्या टेबलावर, तोवर दहावीतलं पोर बारावीला जातं आणि मग क्लासेस, एंट्रन्स, संपला विषय. ओळखीतल्या एका मुलाचं असंच झालं. वर्षाच्या सुरुवातीला परीक्षेच्या तारखा जाहीर केल्या आणि लायसन्स किती दिवसात मिळेल ते लिहून दिलं तरी निम्मं काम होईल, आणि हे तुमच्यासारख्या पेपरने लावून धरलं तर आमच्या पत्रापेक्षा लवकर कुणीतरी ऐकेल.

त्या लेखाच्या वार्ताहरांना एखाद्या रविवारी सकाळी आमच्याकडे पाठवून द्या. आधी फोन करायला सांगा, गच्चीची चावी सेक्रेटरींकडे असते.

आपला,
एक वाचक (व्हीयू३ वाला), डोंबिवली पूर्व