माया संस्कृती आणि वाचकांना लावलेला चुना

महोदय,

मध्य अमेरिकेतले माया लोक 'एका रात्रीत गूढरीत्या लुप्त झाले' हे आपल्या रविवार पुरवणीतले संशोधन वाचून धन्य झालो. रात्र बरीच लांबली म्हणायची. तिकाल या त्यांच्या मोठ्या शहरातला (आजच्या ग्वाटेमालात) तारीख कोरलेला शेवटचा शिलास्तंभ इ.स. 869चा, तोनिना या दुसऱ्या शहरातला 909चा. इत्झा या माया लोकांची राजधानी नोहपेतेन स्पॅनिशांनी घेतली ती 1697 साली. तेव्हा इकडे राजाराम महाराज जिंजीच्या वेढ्यात होते! माया भाषा तर आजही लाखो लोक बोलतात.

लेखात पाण्याबद्दल एक ओळ नाही. तिकालला नदी नाही, खाली चुनखडी, आणि वर्षाचे चार-पाच महिने कोरडे. म्हणून तिथे चौकच पाणलोट केले होते: वर चुन्याचा गिलावा, उतार तळ्यांकडे. गिलाव्याला भेग गेली की पाणी खडकात मुरले. बुजवायची तर नवा चुना हवा, म्हणजे चुनखडी 800-900 अंशांवर भाजा, चुनकळी विरवा. त्याला चुन्याच्या पाचेक पट लाकूड जळते. जंगल गेले की माती वाहून तळ्यात, तळे उथळ, पाणी कोमट, मग शेवाळ. राजवाड्याजवळच्या तळ्यांच्या गाळात विषारी निळे-हिरवे शेवाळ आणि पारा दोन्ही सापडल्याचे 2020 साली प्रसिद्ध झाले आहे. पारा हिंगुळातला, म्हणजे पारा असलेल्या लाल रंगातला. रंगवलेल्या भिंती पावसाने धुतल्या की तो तळ्यात. शेवाळाचे विष पाणी उकळूनही जात नाही. त्याच शहरातल्या कोरिएन्ताल तळ्याला मात्र झिओलाइट या खनिजाची आणि वाळूची गाळणी होती (त्याच कुळातली खनिजे पुण्याच्या काळ्या दगडात मिळतात), तिथले पाणी स्वच्छ! त्यातच इ.स. 800 ते 1000 दरम्यान अवर्षणे झाली. मेक्सिकोतल्या चिचनकानाब तळ्याच्या गाळातले जिप्सम या क्षाराचे थर त्याची साक्ष देतात. तळे आटते तेव्हाच ते साचतात. पाऊस आणतो म्हणणाऱ्या राजाच्याच तळ्याला वास मारू लागल्यावर प्रजा कशाला थांबेल? यात गूढ ते काय?

आणि तो फोटो! तो माचू पिचूचा. पेरू देश, इंका लोक, पंधरावे शतक, तिकालपासून साडेतीन हजार किलोमीटरहून दूर. वेरूळच्या लेखाला बगदादचा फोटो लावाल काय?

दुरुस्ती छापणार असाल तर कृपया पहिल्या पानावर छापा. मागच्या वेळची राशिभविष्याखाली होती, ती शोधायला भिंग लागले.

आपला नियमित वाचक