पहिल्या मजल्यावरच्या नानांना थँक्यू, आणि एक सॉरीपण

नाना,

तुम्ही काय मोबाईल बघत नाही, तुमचा नातू वाचून दाखवेल. पण लिहितेय सगळ्यांसमोर, कारण तुमच्याबद्दल जे बोललं गेलं ते पण सोसायटीच्या ग्रुपवर सगळ्यांसमोरच बोललं गेलं होतं. गच्चीवर बोंबील वाळत घातल्याची तक्रार आली ना, तेव्हा खाली अंगठे टाकणाऱ्यांत मी पण होते. सॉरी.

आता थँक्यूचं. लेकीला शाळेतून प्रोजेक्ट आला, आपल्या भागातल्या एका आमदाराचं जीवन आणि कार्य. तिने दि. बा. पाटील घेतले, कारण डिसेंबर २०२५ पासून आपल्या उलव्यात डोक्यावरून विमानं जायला लागली आणि नवी मुंबई विमानतळाच्या नावावरून ते नाव सारखं कानावर येतं. तासाभरात पान भरलं पण तिने. जन्म १३ जानेवारी १९२६, गाव जासई, तालुका उरण. वकील. शेतकरी कामगार पक्ष. १९५७ ला पहिल्यांदा आमदार, पनवेलमधून एकूण पाच वेळा, विधानसभेत विरोधी पक्षनेते, १९७७ ला आणि १९८४ ला खासदार, २४ जून २०१३ ला निधन. फोटो चिकटवला, झालं. मग मलाच विचारते, मम्मी, पण त्यांनी केलं काय?

मला कुठे माहीत. आम्ही सांगलीकडचे. मला ते नाव आठवत होतं ते २४ जून २०२१ मुळे, विमानतळाला त्यांचं नाव द्या म्हणून बेलापूरला सिडको भवनला, म्हणजे नवी मुंबई वसवणाऱ्या सरकारी कंपनीच्या ऑफिसला, घेराव होता, ट्रॅफिक वळवलेलं, आमचे हे दोन तास अडकले आणि घरी येऊन जे काही बोलले ते इथे लिहीत नाही.

म्हणून तिला तुमच्याकडे पाठवलं, आणि खरं सांगायचं तर टळावी म्हणूनच पाठवलं. अर्ध्या तासाने बोलवायला आले तर तुम्ही दोघं ओट्याशी, ताटात तांदळाची भाकरी, तिचे सुरीने आठ तुकडे केलेले. "ही आमची जमीन," तुम्ही म्हणालात. १९७० ला सिडको आली, ठाणे, पनवेल, उरणची ९५ गावं नव्या शहरात गेली, आणि भाकरीचे सात तुकडे तुम्ही ताटाच्या पलीकडे सरकवले. उरला एक, गेलेल्या जमिनीच्या बदल्यात प्लॉट म्हणून परत मिळतो तो, साडेबारा टक्के म्हणजे आठातला एक, हे मला एवढी वर्षं बँकेत काढून कधी सुचलं नव्हतं. "हा पन सगला नाय गो," म्हणत त्या तुकड्याचा पण एक लचका तोडलात, सार्वजनिक सोयींसाठी कापतात तो, हातात राहतात पावणेनऊ टक्के. एकरभर शेत गेलं तर साडेतीन गुंठे! लेक तो तुकडा हातात धरून बसली, खाऊ की नको तिला कळेना.

आणि मग म्हणालात, एवढा तरी मिळाला तो दिबांमुळे. जानेवारी ८४, जमिनीसाठीचं आंदोलन, १६ तारखेला दास्तान फाटा, १७ ला नवघर, पोलिसांचा गोळीबार, पाच शेतकरी गेले. दास्तान फाट्याला तुम्ही होतात. त्यावर तुम्ही जास्त काही बोललाच नाहीत, फक्त चप्पल तिथेच राहिली म्हणालात, खाजणातून अनवाणी वहाळपर्यंत आलात. साडेबारा टक्क्यांचा निर्णय झाला १९९० ला. त्यानंतर प्लॉटच्या कागदासाठी किती चपला झिजल्या त्याचा हिशोब वेगळा.

त्या रात्री मी कपाटातून आमच्या फ्लॅटचं ॲग्रीमेंट काढलं. प्रत्येक पानावर माझी सही आहे, वाचलं मात्र एकही नव्हतं. चौथ्या-पाचव्या पानावर साडेबारा टक्के योजनेतला प्लॉट असं लिहिलेलं, आणि मूळ खातेदार म्हणून तुमच्या वडिलांचं नाव. म्हणजे ताटात उरलेला तो तुकडा म्हणजे आमची बिल्डिंग, आणि आपण तुम्हाला गच्चीवर बोंबील वाळवू नका सांगत होतो.

रविवारी जासईला नेलंत त्याचंही थँक्यू. गव्हाण फाट्यापासून कंटेनरच्या ट्रेलरची रांग, रिक्षावाला वैतागलेला, तुम्ही मात्र खिडकीतून, म्हणजे रिक्षाला कसली खिडकी, बाहेर मान काढून इथे कोणाचं शेत, तिथे कोणाचं मिठागर दाखवत होतात, आम्हाला दिसत होतं फक्त गोडाऊन. हुतात्मा स्मारकापाशी टोपी काढून उभे राहिलात. लेकीने विचारलं दिबा कसे होते, तर तुम्ही देवबीव केलं नाहीत हे मला फार आवडलं. विधानसभेत कायद्याने बोलायचे, नाही ऐकलं की तोच माणूस आमच्यात रस्त्यावर येऊन बसायचा, एवढंच. उतारवयात शिवसेनेत गेले ते तुम्हाला पटलं नव्हतं, लाल बावटा सोडायला नको होता, हे पण तिला लिहून घ्यायला लावलंत. रिक्षाचे पैसे काही देऊ दिले नाहीत मला.

प्रोजेक्टवर बाईंनी लाल पेनाने विचारलंय, भाकरीचं चित्र का? लेक वर्गात उभं राहून सगळं सांगून आली, सरकवलेल्या सात तुकड्यांसकट.

गच्चीची चावी या महिन्यापासून आमच्याकडे आहे, कमिटीत मी आलेय. ऊन कडक आहे तोवर बोंबील घालून घ्या, दोरी मी बांधून ठेवलीय, टाकीच्या बाजूला, तिकडे कावळे कमी येतात.

तुमची,
तिसऱ्या मजल्यावरची सूनबाई (तुम्हीच म्हणता तशी)