टीपे टीपे सरोवर

संपादक महोदय,
ठिबकत्या नळाखाली तांब्या ठेवताना आजी म्हणायची, ‘थेंबे थेंबे तळे साचे.’ दांडिया बाजारातल्या आमच्या शेजारच्या बा तेच गुजरातीत म्हणत, ‘टीपे टीपे सरोवर भराय, कांकरे कांकरे पाळ बंधाय.’ मला यातलं दुसरं चरण अधिक आवडतं; खडा खडा रचून पाळ बांधणारे हात त्यात दिसतात. फारसीत तर थेंबाथेंबाने दर्याच होतो. चिनी म्हण मात्र वेगळीकडे वळते: ठिबकणारं पाणी दगडाला भोक पाडतं. तिथे साठवण नाही, चिकाटी आहे. सूरसागर तलावाजवळ वाढणाऱ्या माझ्या नातवंडांना यातली एकही म्हण येत नाही, याचं फार वाईट वाटतं. वडोदऱ्यातल्या मराठी मंडळांनी सुट्टीत आजी-आजोबांना बोलवावं आणि दोन्ही भाषांतल्या म्हणी मुलांकडून वहीत उतरवून घ्याव्यात.

– एक निवृत्त शिक्षिका, वडोदरा