‘माझा नवस कोण फेडणार?’ – कर्नाटकच्या आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. आरोग्य व कुटुंब कल्याण मंत्री,
कर्नाटक राज्य, यांस

सादर नमस्कार.

मी बेळगाव जिल्ह्यात मुलांच्या वॉर्डात २९ वर्षं स्टाफ नर्स होते. आता निवृत्त होऊन खानापूर तालुक्यात गावी राहते. पत्र मराठीत लिहिते आहे, कारण यातल्या गोष्टी मुलांनी मला मराठीत सांगितल्या. कानडी तर्जुमा सोबत जोडला आहे. मला दोन्ही भाषा येतात आणि या पत्राचा सीमावादाशी संबंध नाही, एवढं आधीच सांगून ठेवते.

मलप्रभेच्या काठच्या गावातला एक नऊ वर्षांचा मुलगा आमच्याकडे होता. रक्ताचा कॅन्सर, एकदा बरा होऊन पुन्हा उलटलेला. बाप गोव्यात गवंड्याच्या हाताखाली, आई रात्री खाटेखाली पदर अंथरून झोपायची. एकदा पहाटे दोनच्या सुमारास मी सलाईन बदलायला गेले तर तो टक्क जागा. मला म्हणाला, “सिस्टर, मी नदीत गळ टाकून मासे मारत होतो. म्हणून देवानं असं केलं काय?”

मी म्हटलं, “असलं काय बोलू नको बाळा. झोप.” आणि दिवा बंद केला.

त्यानं पुन्हा कधी विचारलं नाही. अकरा दिवसांनी तो गेला. त्या अकरा दिवसांतला त्याचा ताप, नाडी, लघवीचं माप, सगळं माझ्या अक्षरात केस पेपरवर आहे. तो प्रश्न मात्र कुठेच नाही. मी वाईट नर्स नव्हते, साहेब. मला त्याचं उत्तर द्यायला कुणी शिकवलंच नव्हतं, आणि ते देणं हे आमच्यापैकी कुणाचंच काम नव्हतं. हे पत्र मी त्या एका रात्रीसाठी लिहिते आहे असं समजलात तरी चालेल.

आजार बरा होणारा असो वा नसो, माणसाच्या वेदना कमी करून त्याला नीट जगता यावं म्हणून जी सेवा देतात तिला पॅलिएटिव्ह केअर म्हणतात, हे आपल्याला ठाऊकच आहे. मुलांसाठीच्या या सेवेची जागतिक आरोग्य संघटनेची व्याख्या शरीर, मन आणि आत्मा या तिन्हींची काळजी असं स्पष्ट म्हणते. निदान झाल्या दिवसापासून ती सुरू व्हावी आणि घरच्यांनाही आधार मिळावा, हेही तिच्यात आहे. १९६७ मध्ये लंडनला सेंट ख्रिस्तोफर हॉस्पिस, म्हणजे शेवटच्या दिवसांतल्या रुग्णांची काळजी घेणारं रुग्णालय, सुरू करणाऱ्या सिसिली सॉन्डर्स आधी नर्स होत्या, मग डॉक्टर झाल्या. माणसाचं दुखणं शरीराचं, मनाचं, घरच्या परिस्थितीचं आणि आत्म्याचं असं एकात एक गुंतलेलं असतं, हे त्यांनी डॉक्टरांना पटवून दिलं. आमच्या वॉर्डात मात्र यातलं फक्त पहिलं दुखणं मोजलं जायचं.

मुलांना काही कळत नाही, हा मोठ्यांचा समज आहे. मायरा ब्लूबॉण्ड-लँग्नर नावाच्या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ बाई ल्युकेमियाच्या, म्हणजे रक्ताच्या कॅन्सरच्या, वॉर्डातल्या मुलांबरोबर दिवसचे दिवस राहिल्या. त्यांचा अभ्यास १९७८ साली प्रसिद्ध झाला. कुणी न सांगताही आपण मरणार हे त्या मुलांना कळलेलं होतं, आणि आईबापांना त्रास नको म्हणून ती कळलं नसल्यासारखी वागत होती. हे मी निवृत्त झाल्यावर वाचलं आणि बराच वेळ पुस्तक मिटून बसले. आमच्या वॉर्डात अगदी हेच चालायचं. आई बाहेर व्हरांड्यात रडून, तोंड धुऊन आत यायची, आणि मूल तिच्याकडे बघून हसायचं.

वयाप्रमाणे मुलांची मरणाची समज वेगळी असते. चार-पाच वर्षांच्या पोराला वाटतं, मेलेलं माणूस गावाला जाऊन परत येतं. त्याच सुमाराला आपल्या हातून काही चुकलं म्हणून आजार आला, ही भीतीही मनात घर करते आणि पुढं बरीच वर्षं राहते. नऊ-दहा वर्षांच्या मुलाला परत येणं नाही हे कळतं, आणि मग त्याचे प्रश्न देवाच्या, न्यायाच्या वाटेनं जातात. हे सगळं तासाभराच्या प्रशिक्षणात शिकवता येतं. आम्हाला ते मिळालं नाही.

आता दुसरी गोष्ट. निपाणीकडची बारा वर्षांची मुलगी, आई विड्या वळणारी. आईनं सौंदत्तीच्या यल्लम्माला नवस बोलला होता, पोर बरी झाली तर चालत येईन आणि ओटी भरीन. दर मंगळवारी आणि शुक्रवारी उपास, पायात चप्पल नाही. पोरगी हे सगळं बघत होती. एका दुपारी तिनं आमच्या आयाला विचारलं, “मावशी, मी बरी झाले नाही तर माझा नवस कोण फेडणार? देवी आईवर रागावणार काय?”

आमची आया सौंदत्तीकडचीच, कानडी बाई, मराठी मोडकंतोडकं. हातातलं फडकं बादलीत टाकून ती खाटेवर बसली आणि म्हणाली, “यल्लव्वा आई हाय गं. आई लेकराकडनं उधारी वसूल करत्या व्हय?” मग दोघी बराच वेळ काहीतरी बोलत बसल्या, अर्धं कानडीत, अर्धं मराठीत. त्या संध्याकाळी पोरीनं बऱ्याच दिवसांनी भात मागून खाल्ला. दुसऱ्या दिवशी तिनं आपले पैंजण धाकट्या बहिणीला द्यायला सांगितले, आणि तिच्याशी भांडून कधीतरी फाडलेल्या वहीबद्दल चुकलं म्हणून सांगायला लावलं. वेळेत काम न केल्याबद्दल आयाला मात्र वरिष्ठांचा ओरडा बसला.

आत्म्याची गरज म्हणजे काय, असं मला कुणी विचारलं तर मी हेच सांगेन. वॉर्डात देवाचा फोटो लावला की ती भागत नाही. कुणाला णमोकार म्हणणारी आजी जवळ हवी असते, कुणाला अब्बांनी दुआ पढून कपाळावर फुंकर मारायला हवी असते, कुणाला चर्चमधले फादर. आणि कितीतरी मुलांना देवाचं नावही नको असतं. गोठ्यातलं नवं वासरू एकदा बघायचं असतं, मित्राची क्षमा मागायची असते, आपल्याला कुणी विसरणार नाही ना एवढं विचारायचं असतं. मूल काय मागतंय ते आधी ऐकायला लागतं, आणि ऐकणाऱ्याला स्वतःचा धर्म त्याच्यावर न लादण्याची शिस्त लागते. अंगारा लावून घ्या पण गोळी बंद करू नका, हे देवऋषाकडून आलेल्या बापाला त्याचा अपमान न करता सांगणारंही माणूस लागतं. ओरडून सांगितलं की तो पोराला उचलून घेऊन जातो, मी पाहिलं आहे.

दुखणं थांबल्याशिवाय यातलं काहीच होत नाही. हाडातली कळ मारत असताना मूल देवाशीही बोलत नाही, आईशीही नाही. अंमली पदार्थांच्या कायद्यात २०१४ साली दुरुस्ती होऊन मान्यताप्राप्त रुग्णालयांना मॉर्फिन हे असह्य वेदनांवरचं औषध ठेवणं सोपं झालं. ते तालुक्याच्या दवाखान्यापर्यंत पोचवणं आपल्या खात्याच्या हातात आहे. घरी जायचंय, असं मुलं शेवटी हमखास म्हणतात. आमच्याकडे त्याला एकच वाट होती, डामा, म्हणजे डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध घरी नेणं. स्वतःच्या जबाबदारीवर नेतो, म्हणून न वाचता येणाऱ्या भाषेतल्या कागदावर बापाचा अंगठा, आणि त्यानंतर औषध नाही, फोन नाही, कुणी विचारपूस नाही. बंगळूर पाचशे किलोमीटर आणि कोल्हापूर शंभरावर, तेव्हा अशा घरानं रात्री कुणाकडे बघायचं?

भाषेचं थोडं सांगते. आमच्याकडच्या नव्या नर्सेस कानडी मुली, मनानं फार चांगल्या. पण पहाटे दोनला मूल शाळेतल्या भाषेत बोलत नाही, आईच्या भाषेत बोलतं. तोच प्रश्न उलटा मिरजेच्या वॉर्डात कानडी पोराला पडत असणार. पंढरीच्या विठ्ठलाला आमच्या संतांनी कानडा म्हटलं, आणि यल्लम्माच्या डोंगरावर अर्धी गर्दी मराठी बोलते. माणसं इथं दोन्ही भाषांत जगतातच, फक्त खाटेजवळ ती वेळेला सापडायला हवीत.

म्हणून माझं मागणं थोडकं आहे. केंद्राचा पॅलिएटिव्ह केअरचा कार्यक्रम २०१२ पासून आहे, आणि आयुष्मान आरोग्य मंदिरांतून द्यायच्या बारा सेवांमध्येही ही सेवा आहे. मुलांची तपासणी करणारी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं गावोगाव फिरतात. नवं काही उभारायला नको. बेळगाव जिल्ह्याच्या पॅलिएटिव्ह पथकात मुलांचं ऐकायला शिकलेला, कानडी आणि मराठी दोन्ही बोलणारा एक तरी माणूस पगारी असावा. आमच्या त्या आयासारख्या बायकांना निवडून शिकवा, त्या बसतील तो वेळ ड्यूटीत धरा. घरी न्यायचं ठरवणाऱ्या आईबापांना डामाऐवजी औषधाची बाटली, त्यांच्या भाषेतली चिठ्ठी आणि आशाताईची भेट मिळू दे. आणि केस पेपरवर एक रकाना ठेवा, मुलानं आज काय विचारलं, म्हणून. तो रोज भरला जाणार नाही, हे मला माहीत आहे. पण रकाना असला की नर्सला दिवा बंद करायच्या आधी थांबावं लागेल.

डिसेंबरात अधिवेशनासाठी आपण बेळगावला येता. सुवर्ण विधानसौधातलं काम संपल्यावर एका रात्री, गाडीचा ताफा आणि फोटोवाले बाहेर ठेवून, कुठल्याही सरकारी दवाखान्यातल्या मुलांच्या वॉर्डात येऊन बसा. दहाच्या सुमाराला नातेवाईक पांगतात, बारापर्यंत मुलं झोपल्यासारखी वाटतात. दोनपर्यंत थांबायची तयारी ठेवून या. दुभाषी लागला तर मी येईन.

आपली नम्र,
एक निवृत्त स्टाफ नर्स,
तालुका खानापूर, जिल्हा बेळगाव