आम्हाला कोणी विचारलंच नाही

मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य

महोदय, सादर नमस्कार.

मी एका लहान गावात अंगणवाडी सेविका आहे. माझा मुलगा माझ्याच अंगणवाडीत वाढला. जन्मला तेव्हा २ किलो १०० ग्रॅमचा होता. वाढीच्या तक्त्यावर त्याचा ठिपका कित्येक महिने पिवळ्या पट्ट्यातून वर सरकेना. नाचणीची खीर, शेंगदाण्याचं कूट, अंडं, जे जमेल ते भरवून मी तो ठिपका हिरव्यात आणला. तोच मुलगा विसाव्या वर्षी पोलीस भरतीची तयारी करत होता आणि १६०० मीटरच्या धावेत मैदानावरच्या सगळ्या पोरांना मागं टाकत होता. तो तक्ता अजून माझ्या पेटीत आहे.

दोन वर्षांपूर्वी रात्री घरी येताना त्याच्या मोटरसायकलला अपघात झाला. डोक्याला मार. अंगावर बाकी कुठे साधं खरचटलंही नव्हतं. मोठ्या रुग्णालयात हलवलं, व्हेंटिलेटर लावला. दुसऱ्या दिवशी डॉक्टर म्हणाले, "मेंदू बंद पडलाय, आता आशा ठेवू नका." मी त्याच्या छातीवर हात ठेवला. आत धडधडत होतं, आणि अंग गरम होतं. तो गेला आहे हे माझ्या हाताला पटेना. तिसऱ्या दिवशी पहाटे ते ठोकेही थांबले.

तेव्हा एक सिस्टर माझ्याजवळ आली. माझा दंड धरून हळूच म्हणाली, "ताई, डोळे देता का त्याचे?" मी हो म्हणाले. सहा तासांच्या आत माणसं आली, पंधरा-वीस मिनिटांत त्यांचं काम झालं. चेहरा होता तसाच होता.

रुग्णालयाचं नाव मी लिहीत नाही. तिथल्या डॉक्टरांवर माझा राग नाही, त्यांनी जिवापाड प्रयत्न केले. माझं दुःख वेगळं आहे.

दहाव्याला घाटावर कावळा शिवेना. वडीलधारी मंडळी एकेक बोलून पाहत होती. बहिणीचं लग्न आम्ही करू, गाडीचं कर्ज फेडू, आईला सांभाळू. तास गेला, दीड तास गेला. शेवटी दर्भाचा कावळा करून शिववला. त्याचं काय राहिलं होतं ते कोणालाच उमगलं नाही.

ते मला कळलं काही महिन्यांनी, आरोग्य उपकेंद्रातल्या एका बैठकीत. ३ ऑगस्टच्या अवयवदान दिनाची माहिती देत होते. १९९४ साली याच तारखेला दिल्लीच्या एम्समध्ये मेंदूमृत दात्याचं हृदय दुसऱ्याला बसवण्याची देशातली पहिली यशस्वी शस्त्रक्रिया झाली, म्हणून हा दिवस. मग माहिती देणाऱ्या ताई म्हणाल्या, मेंदू मृत झाला तरी यंत्रावर हृदय काही काळ चालू राहतं, आणि दान करायचं तर तेव्हाच. हृदय, यकृत, दोन्ही मूत्रपिंडं. मी तिथेच उठून बाहेर आले. माझ्या हाताखाली पहाटेपर्यंत जे धडधडत होतं, त्याबद्दल आम्हाला कोणी विचारलंच नव्हतं.

लोक म्हणतात, अशा वेळी आईला असलं कसं विचारायचं? महोदय, मी ती आई आहे. त्या सिस्टरच्या एका प्रश्नावर मी आजपर्यंत तगून आहे. न विचारलेला प्रश्न मात्र मला झोपू देत नाही. कदाचित त्या घडीला मी नाही म्हणाले असते. पण ते नाही माझं असतं.

मग मी विचारत विचारत कायदा समजून घेतला. अवयव प्रत्यारोपणाचा कायदा १९९४ चा, त्यात २०११ साली दुरुस्ती झाली. नोंदणीकृत रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात असा मेंदूमृत रुग्ण असेल, तर नातेवाइकांना दानाचा पर्याय आहे हे सांगणं डॉक्टरांचं कर्तव्य ठरवलं आहे. हो म्हणायचं की नाही, ते घरच्यांनी ठरवायचं. जिथे प्रत्यारोपण होत नाही, पण अतिदक्षता विभाग आणि ऑपरेशन थिएटर आहे, अशा रुग्णालयालाही फक्त अवयव काढून घेण्याचं केंद्र म्हणून नोंदणी करता येते. पथक बाहेरून येतं. मेंदूमृत्यू चार डॉक्टरांनी, किमान सहा तासांच्या अंतरानं दोनदा तपासायचा असतो. जिल्ह्यात मेंदूचे तज्ज्ञ नसतात असं मला सांगण्यात आलं. त्याची वाटही त्याच दुरुस्तीत आहे: ते नसतील तर सर्जन किंवा फिजिशियन आणि भूलतज्ज्ञ किंवा अतिदक्षता तज्ज्ञ चालतात.

कायदा आहे. तो मुंबई, पुणे, नागपूर, छत्रपती संभाजीनगर इथल्या मोठ्या रुग्णालयांत दिसतो. आमच्याकडच्या रस्त्यांवर पोरं मरतात, तिथे तो पोचलेला नाही.

म्हणून माझं मागणं आहे. प्रत्येक जिल्हा रुग्णालय आणि शासकीय वैद्यकीय महाविद्यालय अवयव काढण्याचं केंद्र म्हणून नोंदवा. आणि तिथे रात्रंदिवस एक प्रशिक्षित समन्वयक असू द्या, शेजारी बसून आमच्या बोलीत नीट समजावणारा आणि नाही म्हटलं तर तेवढ्याच मायेनं उठून जाणारा. अपघाताची केस म्हणजे पोलीस पंचनामा आणि शवविच्छेदन आलंच. देह मिळायला दिवस जाईल, या धास्तीनं घरचे मागे सरतात. ती धावपळ त्या माणसानं करायची, बापानं नव्हे. तामिळनाडूनं २०२३ साली अवयवदात्यांना शासकीय इतमामात निरोप द्यायचं जाहीर केलं. ऐकून बरं वाटलं. पण माझी मागणी त्याच्याही आधीची आहे.

मुलाचा मोबाइल मी रोज रात्री चार्जिंगला लावते. पहाटे पावणेपाचला त्यानं लावलेला गजर अजून वाजतो. मी तो बंद करून टाकत नाही. उठते, दूध तापवते, आणि रविवारी त्याच्या मैदानावर जाते. धावून आलेल्या पोरांना मोड आलेली मटकी देते आणि त्यांच्याशी अवयवदानाबद्दल बोलते. ती लगेच म्हणतात, काकू, फॉर्म भरतो. मी सांगते, फॉर्म भर, पण आधी घरी जाऊन आईला सांग. वेळ येते तेव्हा विचारतात ते तिलाच.

यातल्या काहींच्या आया पुढच्या रविवारी मैदानावर येणार आहेत. आमच्या जिल्ह्यात अशी सोय आहे का, हे त्या मला हमखास विचारतील. त्यांना काय सांगू, ते आपण कळवावं. पत्र अंगणवाडीच्या पत्त्यावर पाठवलं तरी मला मिळेल.

आपली,
एक अंगणवाडी सेविका